फाजील शाई : भोर-वेल्हें भागांतील मोडी कागद व नकलकाराची झरणी

मोडी कागदांच्या नकला ज्यांनीं स्वहस्तें केल्या आहेत त्यांस लेखणीनें दगा दिल्याचा प्रसंग केव्हां ना केव्हां आलाच असेल. भोर तालुक्यांतील एका घरचा रुमाल तपासतांना प्रस्तुत लेखकावर तो आला. कागद वतनाच्या तंट्यांतला, किरकोळच म्हणावा असा होता. नक्कल शेवटास आली होती, झरणींतील शाईहि संपत आली होती. शकाचा शेवटचा आंकडा लिहावयास निब टेकलें तोंच त्यांतून एक भला मोठा थेंब सुटला आणि आंकडा त्यांत बुडाला. मूळ कागद चार बोटांवर होता, तो वांचला. टीपकागद लावला, आंकडा पुन्हां येऊन पाहूं असें ठरविलें, आणि पुढील कागद हातीं घेतला. पुन्हां जाणें घडलें तें पावसाळा उलटल्यावर. मधल्या काळांत त्या घराच्या माळ्यावर गळती होऊन रुमालाचा एक ओला गठ्ठा झाला होता. काजळाची शाई समोरासमोरच्या घड्यांवर उतरून दोन्ही बाजू काळ्या झालेल्या. आतां त्या कागदाची साक्ष म्हणून राहिली ती माझी डाग पडलेली नक्कल.

हा दोष माझा व माझ्या झरणीचा. परंतु त्यानिमित्तानें फाजील शाईचा प्रश्न दोन्ही अंगांनीं पाहावा असें वाटलें. जुन्या लेखकाच्या बोरूंतूनहि शाई प्रमाणाबाहेर उतरे. तिचे परिणाम वाचकास ओळखतां आले पाहिजेत. आणि आजच्या नकलकाराच्या झरणींतून ती उतरूं नये याचे उपायहि त्यास ठाऊक पाहिजेत.

भोर-वेल्हें या मुलखांत हा विचार करणें एका अर्थानें उचितच आहे. हा सारा मुलूख सचिवांचा. भोर संस्थानाचे विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ व सुधागड असे पांच तालुके होते. त्यांपैकीं विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. भोर व वेल्हें हा आजचा टापू बव्हंशीं पहिल्या तीन तालुक्यांत मोडतो. संस्थान ८ मार्च १९४८ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें, तोंवर संस्थानिकांचा किताब 'पंत सचिव' असाच होता. सचिव म्हणजेच जुना सुरनीस. राज्याभिषेकाच्या वेळीं, १६७४ मध्यें, अष्टप्रधानांचीं कामें नेमून दिलीं गेलीं. त्यांत राजपत्रें तपासून मजकुरांतील व अक्षरांतील अधिक-उणें दुरुस्त करणें व पत्रांवर आपलें चिन्ह करणें हें काम सचिवाकडे होतें. तेव्हां हें पद अण्णाजी दत्तो यांजकडे होतें. पुढें राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत तें शंकराजी नारायण गांडेकर यांजकडे आलें व त्यांच्या वंशांत स्थिर झालें. अक्षर तपासणें हीच ज्या घराण्याची मूळ चाकरी त्याच्याच मुलखांत अक्षरें बुडविणाऱ्या शाईविषयीं लिहावें हें योग्यच. राजव्यवहारकोशांतहि दुर्गवर्गाच्या जोडीस स्वतंत्र लेखनवर्ग आहे, आणि भोराहून वरंधा घाट उतरला कीं लागणाऱ्या शिवथरच्या घळींत जो दासबोध रचला गेला असें परंपरा सांगते, त्याच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. लिहिण्याचें साहित्य हा त्या काळच्या लोकांस क्षुल्लक विषय वाटत नव्हता.

आतां बोरूकडे वळूं. बोरू तिरपा छाटून त्याच्या टोकास मधोमध चीर देत. शाई त्या चिरेंतून उतरते. चीर लांब गेली किंवा टोक वापरून मऊ झालें कीं दोन फाका दाबाबरोबर पसरतात आणि शाई गरजेपेक्षां जास्त येते. उपाय सोपा, चाकूनें टोक पुन्हां तासावें. म्हणूनच लेखकाच्या कलमदानांत चाकू असावयाचाच. दुसरा उपाय दौतींत होता. दौतींत नुसती पातळ शाई न ठेवतां कापसाचा किंवा चिंधीचा बोळा शाईनें भिजवून ठेवीत. बोरू बोळ्यावर टेकला म्हणजे टोकापुरतीच शाई उचलली जाते. तिसरा उपाय खुद्द शाईंत. आपल्याकडील दप्तरी शाई मुख्यत्वें काजळ, डिंक व पाणी यांची, पुष्कळ घोटून केलेली. डिंक कमी पडला तर ती पातळ होऊन पसरते, जास्त झाला तर चिकटते व वाळल्यावर पापुद्रे उडतात. चौथा उपाय कागदांत. हातकागदास खळ देऊन तो दगडानें घोटीत. खळ नीट बसली असली तर शाई वर राहते, नाहींतर कागद ती पितो. आणि एवढ्यानेंहि अक्षर ओलें राहिलेंच तर वर बारीक वाळू भुरभुरवीत. जुने रुमाल उलगडतांना ती वाळू अजून बोटांस लागते. धूळ समजून ती झटकून टाकण्यापूर्वीं क्षणभर थांबावें.

इतके उपाय असूनहि मोडी कागदांत फाजील शाई पदोपदीं दिसते. याचें कारण लिपीच्या स्वभावांत आहे. मोडी ही हात न उचलतां धांवत्या गतीनें लिहावयाची. वारंवार दौतीकडे हात गेला तर ती गति मोडते. म्हणून लेखक एका बुडवणींत होतील तितकीं अक्षरें काढूं पाहतो, आणि त्यासाठीं बोरू भरपूर भरून घेतो. शिवाय मोडींत आधीं पानभर आडवी रेघ ओढतात व मग तिला अक्षरें टांगतात. रेघ ओली असतांनाच अक्षर सुरू केलें तर जोडाच्या ठिकाणीं रेघेंतील शाई खालीं ओढली जाते व तेथें गांठ जमते. अक्षराच्या माथ्याशीं दिसणारी अशी गांठ अनुस्वार किंवा दुसरें एखादें चिन्ह म्हणून वाचल्यामुळें झालेले घोटाळे छापील नकलांत असावेत अशी माझी दाट शंका आहे.

या फाजीलपणास एक क्रम असतो, आणि कागद पारखणारानें तो शिकून घेण्यासारखा आहे. बुडवणीनंतरचीं पहिलीं दोन-तीन अक्षरें जाड व काळीं, पुढचीं मध्यम, मग हळूहळू करडीं, आणि पुन्हां एकदम काळीं. ओळीओळींतून ही भरती-ओहोटी चालते. एखाद्या पत्रावर पेन्सिलीनें नव्हे, तर नक्कलेच्या समासांत, जेथें जेथें बुडवण झाली तेथें तेथें खूण करीत गेलें तर लेखकाचा हात कसा चालला हें थोड्या वेळांत ध्यानांत येतें. मग भरून गेलेलें अक्षर भरतीच्या जागीं आहे कीं ओहोटीच्या, हें पाहावें. भरतीच्या जागीं असेल तर तो बोरूचा दोष. अक्षराचा मूळ घाट कडेच्या वळणावरून ताडावा. बारीक आणि जाड अशा सर्वच रेषा सारख्या फुटल्या असतील तर दोष कागदाच्या खळीचा. डाग एकाच दिशेनें वाहिला असेल, त्यास पाण्याची कड असेल आणि समोरच्या घडीवर उलटी छाया पडली असेल तर तो मागाहून लागलेल्या ओलीचा. वेल्ह्याकडच्या पश्चिमेच्या खोऱ्यांत, जेथें चार महिने घरांतील कपडेहि सुकत नाहींत, हा तिसरा प्रकार फार. डिंकानें बांधलेलें काजळ ओलीनें सुटतें, कारण तें कागदांत मुरलेलें नसतें, वर बसलेलें असतें.

चौथा प्रकार संग्राहकानें विशेष ध्यानांत ठेवावा. ओहोटीच्या अगदीं मध्यावर एखादाच आंकडा अथवा नांव काळेंभोर दिसलें, आणि त्याच्या पुढील अक्षर पुन्हां मागल्याइतकेंच करडें असलें, तर तेथें कोणी मागाहून हात घातला आहे असें समजण्यास जागा आहे. लेखकानें स्वतःच त्या क्षणीं चूक सुधारली असेल, तर तीहि दिसते. पण मग बहुधा पुढलें अक्षरहि ताज्या शाईचें असतें. वतनाच्या व इनामाच्या कागदांत असा फेरफार करण्याचा मोह लोकांस झाला हें उघड आहे. इंग्रजी मुलखांत १८५२ च्या ११ व्या कायद्यानें इनामांची चौकशी सुरू झाल्यावर जुन्या सनदेच्या एका आंकड्यावर घराण्याचें उत्पन्न टांगलेलें असे. पोलादी टाकानें केलेला फेरफार भिंगाखालीं आणखी एका खुणेनें उघडा पडतो. पोलादाच्या दोन फाका दाबाखालीं पसरतात व कागदावर दोन समांतर चरे पाडतात. चऱ्यांत शाई जास्त सांठून रेषेच्या दोन्ही कडा काळ्या व मध्य फिका दिसतो. बोरूचें टोक रुंद व मऊ, तें असे चरे पाडीत नाहीं.

बाळबोध अक्षरांत फाजील शाईचा बळी ठरलेला असतो. ब व व यांतील भेद पोटांतील एका तिरप्या रेघेचा, ष व प यांतीलहि तसाच. पोट भरलें कीं भेद गेला. तरी नांवांच्या बाबतींत संदर्भ मदतीस येतो. आंकड्यांस संदर्भ नसतो. शून्य भरलें कीं तें टिंब होतें, आणि टिंब कोणी जमेस धरीत नाहीं.

यावर जुन्या लोकांनीं काढलेली तोड म्हणजे काल दोन-तीन तऱ्हांनीं लिहिणें. नुसता शकाचा आंकडा न लिहितां संवत्सराचें नांव लिहावयाचें, आणि सुहूर सन तर आंकड्यांनीं न लिहितां आरबी संख्यावाचक शब्दांनींच लिहावयाचा. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा हे एकं. अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन हे दहं. मग मया अथवा अलफ. सीत खमसैन अलफ म्हणजे १०५६, त्यांत ५९९ मिळविले कीं इ. स. १६५५ चा मृगसाल. शब्द अर्धा बुडाला तरी उरलेल्या अर्ध्यावरून तो उभा करतां येतो. ही पद्धति मुद्दाम शाईच्या भीतीनें निघाली असें माझें म्हणणें नाहीं, ती परंपरेनें आली. पण शाईपासून तिनें आपल्या इतिहासाचें किती रक्षण केलें आहे हें कृतज्ञतेनें नमूद केलें पाहिजे.

याचें थोर उदाहरण याच तालुक्यांतलें आहे. कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यांतील शकावली १९०७ मध्यें लोकमान्य टिळकांच्या हातीं आली व १९१६ मध्यें भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तांत छापली गेली. शके १५४० ते १६१९ एवढ्या काळाच्या नोंदी तींत आहेत. श्रीशिवछत्रपतींचा जन्म शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीयेचा, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० चा, हें तीमुळें पुढें आलें. त्यापूर्वीं शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया ही तिथि सर्वत्र मानली जात असे. वाद पुष्कळ झाला. पुढें १९२७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या शिवभारतानें व जोधपूरकडे मिळालेल्या कुंडलीनें शकावलीचा पक्ष बळकट केला. त्या वादाचा सर्व तपशील येथें देण्याचें कारण नाहीं. येथें पाहावयाचें तें इतकेंच कीं, शकावलींत या नोंदीस नुसता आंकडा नाहीं. संवत्सर शुक्ल दिला आहे, मास, पक्ष, तिथि, वार आणि नक्षत्र हींहि दिलीं आहेत. शके १५४९ चा संवत्सर प्रभव, १५५१ चा शुक्ल. आंकड्यावर उद्यां एखादा थेंब पडला असता तरी 'शुक्ल' या नांवानें शक सांगितला असता, आणि शुक्रवार व हस्त नक्षत्र यांनीं तिथि गणितानें तपासून दिली असती.

जुन्या लेखकाचें झालें, आतां आपलें. १८८४ मध्यें न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमन यांनीं आपल्या लेखणीचें पेटंट घेतलें, आणि शाई पोटांतच बाळगणारी ही लेखणी कालांतरानें आपल्याकडे झरणी या नांवानें रुळली. १९३१ मध्यें दांडेकर बंधूंनीं मुंबईंत शाईचा कारखाना काढला, तेव्हांपासून मराठी माणसाच्या झरणींत मराठी माणसाची शाई येऊं लागली. नकलकारास झरणीचा मोठा फायदा म्हणजे दौत नाहीं, आणि दुसऱ्याच्या घरीं दुसऱ्याच्या कागदांशेजारीं दौत नसणें ही थोडी गोष्ट नव्हे. परंतु बोरू फाजील उतरला तर एकदां बुडविल्याइतकीच शाई सांडते. झरणी बिघडली तर सबंध पोट रिकामें करूं शकते.

शाई जास्त येऊं लागली तर प्रथम निबावर संशय घेऊं नये. शाई पाहावी. धुऊन निघणारी निळी शाई पुष्कळदां सैल वाहते; लोहयुक्त निळी-काळी शाई त्याच निबांतून आंखडून येते व टिकतेहि जास्त. मात्र ती झरणींत महिनोन्महिने वाळूं देऊं नये. येथें जुन्या लेखकाचें अनुकरण करण्याचा मोह होईल, तो आवरावा. शाई घट्ट करण्यासाठीं डिंक घालणें बोरूस चालतें. झरणीच्या जिभेंतील केसासारख्या चरांत तो डिंक एकदां वाळला कीं ती झरणी संपली. काजळाच्या दप्तरी शाईचेंहि तेंच.

शाई बदलून भागलें नाहीं तर निब भिंगाखालीं उजेडाकडे धरावें. मधली चीर छिद्राकडे किंचित् रुंद व टोकाकडे निमुळती होत जाऊन टोकाशीं दोन फाका जवळजवळ टेकलेल्या दिसल्या पाहिजेत. टोकाशीं फट दिसली तर दोष तेथें आहे. दाबून लिहिण्याची संवय हें त्याचें नेहमींचें कारण. ज्यांनीं टाकानें लिहिण्यापासून सुरुवात केली त्यांच्या हातचें निब हटकून असें फांकतें. उपाय असा : डावी फाक उजवीखालीं हलकेच सरकवून क्षणभर धरावी व सोडावी, मग उजवी डावीखालीं. एक वेळ डावी, एक वेळ उजवी, आणि प्रत्येक वेळीं लिहून पाहावें. एकदम जोर केला तर फाका वरखालीं होतात व निब कागद खरवडूं लागतें. कोणी घाईचा माणूस असेल तर त्यानें हें काम दुसऱ्याकडून करून घ्यावें. पोलादी निबापेक्षां सोन्याचें निब ऐकतें लवकर, बिघडतेंहि लवकर. फाका टेकलेल्या असून शाई येत असेल तर निब व त्याखालची जीभ यांत अंतर पडलें आहे काय तें पाहावें. अंतर असेल तर दोन्ही कोमट पाण्यांत धरून जीभ निबास सरळ व घट्ट बसवावी.

थेंब पडणें हा मात्र बहुधा निबाचा दोष नसतो. आपल्याकडील जुन्या झरण्या नळीनें थेंब थेंब शाई भरावयाच्या. तिचें सर्व पोट शाईचें. शाई निम्म्याहून खालीं गेली कीं वरच्या मोकळ्या जागेंत हवा भरते आणि हाताच्या उबेनें ती फुगते. दोन घन सेंटिमीटर हवा दहा अंशांनीं तापली तर तिचें आकारमान साधारण तीन टक्क्यांनीं वाढतें व तेवढी शाई बाहेर ढकलली जाते. हा झाला एक थेंबभर. माझा थेंब याच वाटेनें आला होता. झरणी रिकामी होत आली होती व दुपारची वेळ होती. गड चढतांना तर हाच प्रकार मोठ्या मानानें होतो. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटरांवर, तोरणा १,४०३ मीटर. एवढ्या चढांत हवेचा दाब घटून कोंडलेली हवा सुमारें दहा टक्के फुगते. गडावर शिलालेख उतरून घ्यावयास गेलेल्या गृहस्थांच्या खिशावर निळा डाग दिसतो तो यामुळें. झरणी कांठोकांठ भरलेली किंवा अगदीं कोरडी न्यावी, निब वर ठेवून न्यावी, आणि उघडतांना फडक्यांत धरून उघडावी. अर्धी भरलेली नेऊं नये.

हे सर्व उपाय केले तरी मूळ कागद ज्या टेबलावर आहे त्या टेबलावर झरणी असूं नये. मोठ्या दप्तरखान्यांत पेन्सिलीखेरीज दुसरें कांहीं आंत नेऊं देत नाहींत तें बरोबरच आहे. खाजगी घरीं हा नियम आपला आपणच पाळावयाचा. कच्ची नक्कल पेन्सिलीनें घ्यावी व घरीं येऊन शाईनें उतरावी. त्या पक्क्या नक्कलेंतहि शक आंकड्यांनीं लिहून झाल्यावर एकदां अक्षरांनीं लिहावा. मुळांत जेथें जेथें अक्षर शाईनें भरलें आहे तेथें आपल्याला जें वाटलें तें लिहून मोकळें न होतां, भरलेलें आहे असें समासांत नोंदवावें. आणि बुडवणीच्या जागाहि, निदान तारखेच्या व रकमेच्या ओळींत, दाखवाव्यात. झरणीनें केलेली नक्कल पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सारखी काळी असते. मुळांतील भरती-ओहोटी तींत उतरत नाहीं, आणि मूळ गेलें म्हणजे ती कायमचीच जाते. राजवाड्यांचा पहिला खंड १८९८ मध्यें निघाला तेव्हांपासून आजवर छापलेल्या कागदांपैकीं कित्येकांचें मूळ आतां पाहावयास मिळत नाहीं. त्या नकलांत कोणत्या आंकड्याखालीं काय होतें तें कोण सांगणार?

माझ्या त्या नक्कलेंत डागाखालीं ७ होता कीं ९, म्हणजे शक १६१७ कीं १६१९, हें भिंगानें, उजेडाविरुद्ध धरून, कागद तिरपा करून, कशानेंच ठरेना. अंतर दोनच वर्षांचें. पण शंकराजी नारायणांकडे सचिवपद आल्याचें वर्ष सामान्यतः इ. स. १६९७, म्हणजे शके १६१९ हेंच धरतात, आणि कागद त्याच्या अलीकडला कीं पलीकडला यावर त्यांतील 'पंत' कोण हें अवलंबून होतें. पहिल्या ओळींत संवत्सराचें नांव मीं उतरून घेतलें होतें, तें नंतर ध्यानांत आलें. तें युवा आहे. शके १६१९ चा संवत्सर ईश्वर. युवा १६१७ चा. नक्कलेच्या समासांत तसें पेन्सिलीनें लिहून ठेविलें आहे, आणि डाग कोणाच्या लेखणीचा तेंहि.